हबसाणचा मायना

मायना चुकला की पत्र वाया गेले, असे आमचे वडील म्हणत. त्यांची सारी हयात वाईला कचेरीत कारकुनी करण्यात गेली. मी मुंबईस कॉलेजात असताना एकदा नव्या वाऱ्याच्या भरात 'तीर्थरूप बाबांस' हे सोडून 'प्रिय बाबा' असे लिहून पाठवले. उलट टपाली मनिऑर्डर आली. कुपनावर एकच ओळ होती : 'तुझे पत्र मिळाले नाही.'

हा धडा मी पुढे विसरलो, आणि तो मला पुन्हा गिरवावा लागला तो थेट इथिओपियात. इथिओपिया म्हणजे आपल्या शाळेच्या भूगोलातला अबिसीनिया आणि त्याहून जुन्या आपल्या कागदपत्रांतले हबसाण. निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर याच मुलखातून आला. या हबसाणातल्या देसे नावाच्या गावी १९६९ साली मी गणिताचा मास्तर म्हणून गेलो. त्या काळी तिकडच्या शाळांतून भारतीय शिक्षक पुष्कळ असत. देसे उंच डोंगरात वसलेले. पावसाळ्यात महाबळेश्वरची आठवण व्हावी असे धुके, आणि घरांवर पत्रे असल्यामुळे पावसाचा आवाजही अगदी आपल्याकडचा.

वर्गात शिकवणे इंग्रजीतून असे, परंतु कचेऱ्यांचा सारा कारभार अम्हारिक भाषेत. ही भाषा अरबी आणि हिब्रू यांच्या कुळातली असूनही लिहायची मात्र आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे. लिपीही आपल्याला परकी वाटू नये अशी. तेहतीस मूळ अक्षरे, आणि प्रत्येकाची स्वराप्रमाणे सात रूपे. आपली बाराखडी, तशी त्यांची साताखडी म्हणा ! मी ती दोन महिन्यांत घोटून काढली. भाषा मात्र शिकलो ती वर्गातल्या पोरांकडून आणि बाजारातल्या बायांकडून, आणि इथेच घात झाला.

फेब्रुवारी १९७१ मध्ये वाईहून तार आली की, वडील फार आजारी आहेत. मी त्याच रात्री बसून रजेचा अर्ज अम्हारिकमध्ये लिहिला आणि सकाळी कचेरीत नेऊन दिला. कारकुनाने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि हसू दाबीत परत केला. "अस्तमारी," तो म्हणाला, म्हणजे 'गुरुजी', "हा कागद मी वर नेला, तर साहेब तुम्हांला नव्हे, मला घरी पाठवतील."

मी लिहिले होते : 'माझा बाप आजारी आहे. मला रजा दे.'

अम्हारिकमध्ये 'तू' एक नाही. पुरुषाला 'अंते', स्त्रीला 'अंची', आणि मान द्यायचा असेल त्याला 'इर्स्वो'. आणि नुसते सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापदही सोबत बदलते. पोरे आपसांत जे बोलत, तेच मी साहेबाला लिहून दिले होते. बरे, 'द्यावी' असे आदरार्थी रूप घातले असते तरी चालले नसते, हे मला पुढे कळले. अर्जात 'द्या' हा शब्दच येता कामा नये.

कारकुनाने मला न्यायकचेरीच्या भिंतीकडे पाठवले. तिथे उन्हात छत्र्या उघडून अर्जनवीस बसत. गुडघ्यावर फळी, फळीवर कागद. त्यांतल्या सर्वांत वृद्ध गृहस्थांना सगळे 'मेरिगेता' म्हणत. मेरिगेता ही देवळातल्या गायकवृंदाच्या प्रमुखाची पदवी. त्यांनी चर्चच्या पाठशाळेत गीझ भाषेचे अध्ययन केले होते. गीझचे अम्हारिकशी नाते, ढोबळपणे, आपल्याकडे संस्कृतचे मराठीशी असते तसे. बोलत कोणी नाही, पण प्रार्थना तिच्यात, पोथ्या तिच्यात, आणि पत्राला भारदस्तपणा आणायचा असेल तर शब्दही तिच्यातलेच.

माझा कागद त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि काही न बोलता मागे फळीखाली सारला. मग कोऱ्या कागदावर उजवीकडे वर तारीख घातली : येकातित महिना, साल १९६३. तिकडचे वर्ष तेरा महिन्यांचे, सप्टेंबरात सुरू होणारे, आणि आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे. चार वर्षांना चार शुभवर्तमानकारांची नावे आळीपाळीने येतात, आणि ते वर्ष लूकचे होते, हेही त्यांनी मला सांगितले. तारखेखाली डावीकडे ज्याला पत्र त्याचा हुद्दा, 'किबुर', म्हणजे माननीय, या उपाधीसह. त्याखाली गावाचे नाव, आणि गावाच्या नावाखाली रेघ. मग 'गुदायु', म्हणजे विषय : रजा मिळण्याबाबत. मग मजकूर.

आणि मजकुराच्या शेवटी त्यांनी जे वाक्य लिहिले ते समजून घेताच मी चकित झालो. 'रजा मला दिली जावी, अशी मी आदरपूर्वक विनंती करतो.' देणाराचे नाव नाही, त्याला आज्ञा नाही. रजा जणू आपल्या पायांनी चालत येणार आणि साहेबाने नुसते तिला अडवायचे नाही ! ही तर आमच्या वडिलांचीच भाषा. 'मंजुरी मिळावी', 'हुकूम व्हावा', 'योग्य ती तजवीज होणेस विनंती'. दोन हजार मैल दूर, वेगळ्या कुळातली भाषा, आणि कारकुनी वाक्याची चाल तीच. शेवटी 'कमाक्बर सलामता गार', म्हणजे सन्मानपूर्वक नमस्कार, आणि माझ्या सहीची जागा. तळाला 'गिल्बाच', म्हणजे नक्कल कोणाकोणाला रवाना, ते. मेरिगेतांनी पन्नास सान्तीम घेतले. रजा चौथ्या दिवशी मिळाली.

मी वाईला पोचलो तेव्हा वडील अंथरुणावर बसते झाले होते. रजा कशी मिळाली हे सांगताना अर्जाची नक्कल मी त्यांना दाखवली. त्यांना त्यातले एक अक्षर कळणे शक्य नव्हते. पण त्यांनी चष्मा लावला आणि कागदावरून बोट फिरवीत गेले. "हा मायना. हा विषय. ही हकिगत. ही विनंती. ही सही, आणि या खाली नकला रवाना." सगळे बरोबर ! मग बोट पुन्हा वर गेले, आकड्यांवर थांबले, आणि ते म्हणाले, "पण तू हा अर्ज आठ वर्षांपूर्वीच करून ठेवला होतास की काय ?"

परत गेल्यावर मी मेरिगेतांचा नियमित शिष्य झालो. शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गिऱ्हाईक कमी असे. खासगी पत्राला अम्हारिकमध्ये कशी सुरुवात करायची हे त्यांनी शिकवले. 'यिद्रस', म्हणजे 'पोचो', हा पहिला शब्द. अमक्याला पोचो. मग कुशल विचारायचे, पण कुशल विचारण्याचे प्रकार तरी किती ! काल भेटलेल्या माणसाला सकाळी 'रात्र कशी गेली' असे विचारायचे, संध्याकाळी 'दिवस कसा गेला'. काही दिवस गाठ नसेल तर 'इंदेत सनबतु', ज्यात सनबत म्हणजे शब्बाथाचा वार दडलेला आहे, म्हणजे आठवडा कसा गेला. आणि फार दिवस, महिने भेट नसेल तर 'इंदेत करमु'. करम्त म्हणजे पावसाळा. 'पावसाळा कसा काढलात ?' नद्यांना पूर आले की डोंगराळ मुलखातल्या वाटा बंद होत. माणसे एकमेकांना दुरावत, ती पाऊस सरल्यावरच भेटत. पावसाळा संपून दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीला आपल्याकडे वेगळे काय विचारतात ?

एका शनिवारी मी त्यांना म्हणालो की, एवढे सोपस्कार कशाला, मतलब कळला म्हणजे झाले. मेरिगेता थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी डोंगरांकडे हात केला. "अस्तमारी, त्या बाजूला मकदला. पत्राला उत्तर आले नाही म्हणून आमचा राजा तिथे मेला. आणि या रस्त्याने उत्तरेला वुचाले. तिथे एका क्रियापदावरून लढाई झाली. तुम्ही दोहोंच्या मधे राहता."

मी इतिहासाचा माणूस नव्हे. पण त्यानंतरची कित्येक वर्षे जे हाती लागले ते वाचीत गेलो, आणि मेरिगेतांनी तिळमात्र अतिशयोक्ती केली नव्हती असे मला आढळले.

पहिली गोष्ट सम्राट तेवोद्रोस दुसरा याची. फुटलेल्या राज्याची मोट बांधून १८५५ साली तो राजाधिराज झाला. त्याचा इतिहास दरबारी गीझऐवजी अम्हारिकमध्ये लिहिला गेला, आणि त्याचा पत्रव्यवहारही याच लोकभाषेत चाले. ऑक्टोबर १८६२ मध्ये त्याने इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला अम्हारिकमध्ये खलिता लिहिला आणि तो इंग्रज वकील कॅमरन याच्या हाती दिला. राजपत्राचा रिवाज असा की, वरच्या बाजूस मोहोर (आपल्या शिवछत्रपतींच्या पत्रांतही मुद्रा माथ्यावरच असे), मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने आरंभ, मग लिहिणाऱ्या राजाचे नाव, आणि त्यानंतर ज्याला लिहायचे त्याचे. अर्जदार समोरच्याचे नाव आधी घालतो, राजा स्वतःचे. या चौकटीत तेवोद्रोसने राणीचे कुशल विचारले, स्वतःचे कळवले, आणि मुद्द्याला हात घातला : तुर्कांनी आपला मुलूख दाबला आहे, आपण ख्रिस्ती, तुम्ही ख्रिस्ती, आपले वकील तुमच्याकडे सुखरूप पोचण्याची सोय व्हावी.

खलिता फेब्रुवारी १८६३ मध्ये लंडनच्या परराष्ट्र खात्यात पोचला, आणि तिथे तो बाजूला ठेवला गेला. राणीकडून उत्तर नाही. कचेरीत कागद दप्तरी पडून राहणे ही आपल्याला रोजची गोष्ट. पण ज्या दरबारात कुशल विचारल्यावर उत्तर न देणे हा उघड अपमान, तिथे वर्ष उलटून गेले. जानेवारी १८६४ मध्ये तेवोद्रोसने कॅमरनला बेड्या ठोकल्या. तेव्हा मात्र लंडनला जाग आली. राणीचे उत्तर तयार झाले आणि एडनला असलेल्या होर्मुझ्द रस्साम नावाच्या अधिकाऱ्याकडे देण्यात आले. एडन त्या वेळी मुंबई सरकारच्या ताब्यात होते. ते पत्र तेवोद्रोसच्या हाती पडले जानेवारी १८६६ मध्ये, म्हणजे त्याच्या खलित्यानंतर सव्वातीन वर्षांनी. आरंभी रस्सामचे स्वागत झाले, आणि मग त्यालाही कैदेत टाकले. तेवोद्रोस साधुपुरुष नव्हता. त्याने प्रजेवर आणि कैद्यांवर केलेली क्रूरता त्याच्याच लोकांना असह्य झाली होती, आणि शेवटी त्याच्या बाजूस फारसे कोणी उरले नाही. पण एवढे खरे की, दोन ओळींचे उत्तर वेळेवर गेले असते तर पुढचा खर्च कदाचित वाचला असता.

तो खर्च सुमारे नव्वद लाख पौंड झाला. आणि ती मोहीम निघाली आपल्या मुंबईच्या बंदरातून. मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर हा तिचा मुख्य. सुमारे तेरा हजार फौज, तीत बहुसंख्य हिंदी शिपाई, शिवाय हजारो खेचरे, उंट, आणि तोफा वाहायला चव्वेचाळीस हत्ती. न मिळालेल्या एका पत्रोत्तरापायी आपल्या मुलखातली माणसे समुद्र ओलांडून चारशे मैल डोंगर चढत गेली ! त्यांच्यापैकी किती जणांना तो खलिता ठाऊक असेल ?

१० एप्रिल १८६८ रोजी, गुड फ्रायडेला, तेवोद्रोसच्या सैन्याचा मकदल्याच्या पायथ्याशी मोड झाला. नेपियरने शरण येण्याविषयी पत्र पाठवले. त्याला तेवोद्रोसने जे उत्तर लिहवले, ते मला सर्व अम्हारिक पत्रांत अधिक हृदयद्रावक वाटते, आणि तेही एका मायन्यासाठी. आरंभ नेहमीप्रमाणे त्रैक्याच्या नावाने. पण त्यानंतर 'राजाधिराज' नाही, 'तेवोद्रोस'ही नाही. तिथे 'कासा' असे नाव आहे. कासा हे त्याचे जन्मनाव, गादीवर येण्यापूर्वीचे. ज्या माणसाने मायन्याच्या मानासाठी एवढे केले, त्याने शेवटच्या दिवसांत आपल्या हाताने आपला मायना उतरवून ठेवला. १३ एप्रिलला इंग्रज फौज दरवाजा फोडून आत शिरली, तेव्हा त्याने पिस्तुलाने स्वतःचा अंत केला. पिस्तुल राणी व्हिक्टोरियाने भेट पाठवलेले होते.

त्याचे पोथ्यांचे भांडार पंधरा हत्ती आणि सुमारे दोनशे खेचरे यांवर लादून नेण्यात आले. त्याची मोहोरही इंग्लंडला गेली. ती १९६५ साली राणी एलिझाबेथ इथिओपियाच्या भेटीस आली तेव्हा परत मिळाली. शंभर वर्षांत तीन कमी.

दुसरी गोष्ट आटोपशीर आहे. २ मे १८८९ रोजी वुचाले येथे मेनेलिक दुसरा आणि इटली यांच्यात तह झाला. तहाच्या प्रती दोन, एक अम्हारिक आणि एक इटालियन. दोन्ही तंतोतंत जुळतात आणि दोन्ही सारख्याच अधिकृत आहेत, असे तहातच एक कलम होते. (असे कलम जिथे मुद्दाम घालावे लागते तिथे वाचकाने सावध व्हावे.) सतरावे कलम पत्रव्यवहाराचे. अम्हारिक प्रतीत म्हटले होते की, युरोपातल्या राजांशी व्यवहार करताना सम्राटांना इटलीचे साह्य घेता येते. क्रियापद 'यिचालाचवाल', म्हणजे त्यांना शक्य आहे, आणि तेही आदरार्थी रूपात. इटालियन प्रतीत म्हटले होते की, सम्राट असे साह्य घेण्यास संमती देत आहेत. एकीकडे मुभा, दुसरीकडे बंधन. या बंधनाच्या जोरावर इटलीने त्याच वर्षी युरोपभर जाहीर केले की, इथिओपिया आमच्या आश्रयाखाली आहे.

मेनेलिकला हे कळले तेही पत्रांतूनच. आपल्या राज्यारोहणाची वार्ता त्याने युरोपच्या राजेलोकांना स्वतंत्रपणे कळवली, तेव्हा उत्तरे आली की, यापुढे कृपया इटलीमार्फत लिहावे. कल्पना करा, घरच्या कर्त्या पुरुषाने लग्नाची पत्रिका पाठवावी आणि उत्तर यावे की, शेजाऱ्याच्या सहीने पाठवा ! मेनेलिकने पत्रांमागून पत्रे लिहून निषेध केला, १८९३ साली तह झुगारला, आणि १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे इटलीच्या फौजेचा असा पराभव केला की, त्याचा डंका जगभर वाजला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वुचालेचा तह रद्द झाला. पुढे १९०७ मध्ये मेनेलिकने मंत्रिमंडळ नेमले, त्यात एक लेखणीचा मंत्री होता. 'त्सहाफे तेझाझ', आज्ञा लिहिणारा. आपल्याकडचे चिटणीस म्हणा. त्या हुद्द्याचे वजन का असावे हे वुचालेनंतर कोणाला सांगावे लागत नव्हते.

एका सुट्टीत मी बसने वुचालेवरून गेलो. हायकचे तळे मागे पडल्यावर थोड्या वेळाने ते आले. रस्त्याकडेची घरे, चहाची दुकाने, गाढवांवर लादलेली धान्याची पोती. बस पाच मिनिटे थांबली आणि निघाली.

१९७३ साली ती पोती दिसेनाशी झाली. वोल्लो प्रांतात पाऊस हुकला होता, आणि देसेच्या रस्त्यांवर खेड्यापाड्यांतून माणसे येऊ लागली. दुष्काळ आहे असे म्हणायला सरकार तयार नव्हते. अदिस अबाबाच्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी आणि परदेशी छायाचित्रकारांनी तो उघड करीपर्यंत तो अधिकृतरीत्या नव्हताच. अम्हारिकमध्ये गाऱ्हाण्याच्या अर्जाला 'अबेतुता' म्हणतात. मूळ शब्द 'अबेत !' ही राजाच्या वा न्यायाधीशाच्या दारात उभे राहून मारायची हाक. पूर्वी हाक मारीत, पुढे कागद लिहू लागले. मेरिगेतांपुढे त्या वर्षी शनिवारीही रांग असे. ते पैसे घेईनासे झाले होते. मी शेजारी बसून तारखा आणि पत्ते लिहून देऊ लागलो.

एकदा मी पाहिले, समोरचा म्हातारा शेतकरी दोन मुले गेल्याचे सांगत होता, आणि मेरिगेतांनी विषयाच्या ओळीत लिहिले : 'जमिनीचा कर तहकूब होण्याबाबत'. मी त्यांच्याकडे पाहिले.

"अस्तमारी," ते म्हणाले, "जी गोष्ट वरच्या कचेरीत नाहीच, ती विषयात कशी लिहू ? विषय पाहूनच कागद परत येईल. कर आहे हे ते मान्य करतात. करापासून सुरुवात केली तर निदान खालचा मजकूर कोणी वाचील."

खाली मजकुरात त्यांनी सारे लिहिले होते. मुलांची नावेसुद्धा. आणि शेवटी तेच वाक्य : दिले जावे, अशी आदरपूर्वक विनंती करतो. त्या दिवशी मला त्या वाक्याची प्रथमच चीड आली. म्हाताऱ्याने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

मी जून १९७४ मध्ये देसे सोडले. सप्टेंबरात सम्राट हैले सेलासी यांना लष्करी समितीने पदच्युत केले. 'किबुर' आणि त्याच्या भावंडांना रजा मिळाली. 'आतो', म्हणजे श्रीयुत, याच्या जागी 'ग्वाद', म्हणजे कॉम्रेड, आला. मेरिगेतांचे पुढे काय झाले ते कळले नाही.

१९७६ साली इकडच्या नोकरीसाठी मला तिकडच्या अनुभवाचा दाखला हवा होता. मी अर्ज पाठवला. मेरिगेतांनी शिकवला तसाच, फक्त उपाध्या गाळून. पाऊस संपता संपता उत्तर आले. टंकलिखित, जावक क्रमांक, महिना तिक्म्त, साल १९६९, गावाच्या नावाखाली रेघ, विषय. सही माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची होती. तो आता त्या कचेरीत कारकून झाला होता. सहीवर टंकलेले घोषवाक्य : 'इथिओपिया सर्वप्रथम'. आणि सहीच्या खाली, शिक्क्याच्या कडेला जी चिंचोळी जागा उरली होती तिथे, त्याने हाताने बारीक अक्षरांत लिहिले होते :

'गाशे, इंदेत करमु ?'

गाशे म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला हाक. शब्दशः अर्थ 'माझी ढाल'. पावसाळा कसा काढलात, असे तो विचारीत होता, आदरार्थी रूपात. मी त्याच दिवशी उत्तर टाकले.